आईनळीवरचं कुंकू

चमचाभर मातीत किती जीव नांदत असतात हे मला कोणी वेळेवर सांगितलं असतं, तर लहानपणी मी अंगणातली माती इतक्या आवडीनं खाल्ली नसती. मला ते कळलं एकविसाव्या वर्षी, नोकरीच्या पहिल्या दिवशी. डॉक्टर वर्तकांनी टेबलावर चमचाभर माती ठेवली आणि म्हणाले, "मिस सोमण, अख्ख्या मुंबई राज्यात जेवढी माणसं आहेत, त्याहून जास्त जीव या चमच्यात आहेत. त्यातला एखादाच आपल्या कामाचा. तो शोधायचा." मी हादरलेच. आधी पदराला हात पुसले आणि मग चमच्याकडे नीट पाहिलं.

धक्क्यांची ती सुरुवात होती. त्या नोकरीत मी इतके धक्के खाल्ले की पुढे संसारातले धक्के बसल्या जागी पचवले. त्यातला शेवटचा मात्र अजून पचलेला नाही. इतकी वर्षं तो कुणाला सांगितला नाही, कारण त्यात माझाही हात आहे.

पन्नासच्या दशकात मी पिंपरीला अँटिबायोटिक्सच्या कामात होते असं म्हटलं की लोक लगेच म्हणतात, "म्हणजे पेनिसिलिनच्या त्या मोठ्या कारखान्यात!" अहो, नव्हे. त्या कारखान्याच्या इमारती आम्हाला लांबून दिसायच्या. आमचा आपला पिंपरी आणि चिंचवड यांच्या मधे, रुळांच्या अलीकडे, पत्र्याच्या छपराचा लहानसा खासगी कारखाना. खोकल्याचं औषध, जंतांचं औषध आणि डोकेदुखीवरचा बाम. आता तो उरलेला नाही, मालकही नाहीत, तेव्हा नाव सांगून उपयोग नाही. मालकांना सगळे शेठ म्हणायचे. परदेशात कुणाला तरी मातीतल्या जंतूपासून क्षयावरचं औषध सापडलं, हे शेठनी कुठंतरी वाचलं आणि त्यांच्या डोक्यानं घेतलं की माती काय आपल्याकडं कमी आहे? लगोलग त्यांनी विलायतेत शिकून आलेल्या वर्तकांना गाठलं आणि मागच्या बाजूच्या दोन खोल्या दिल्या. तिथं डॉक्टर, मी आणि सोपान, अशी तिघांची आमची 'लॅब'.

सोपान चिखलीचा. तिशी ओलांडलेला, पिळदार मिशांचा, बायकोमुलांचा माणूस. त्याला घेतलं होतं बशा आणि नळ्या धुवायला. शाळा चौथीपर्यंत. पण त्याची ओळख पुढे करून देते, आधी काम कसं चालायचं ते सांगते.

माती वाळवायची, चाळायची, चिमूटभर पाण्यात घालायची. त्या पाण्याचा थेंब आणखी पाण्यात, त्याचा थेंब आणखी पाण्यात, असं पातळ करत जायचं. मग त्यातला एक थेंब काचेच्या झाकणाच्या बशीत जेलीवर पसरायचा. जेली म्हणजे चायना ग्रास घालून आपण जे गोड वड्यांचं पक्वान्न करतो, त्याचाच अळणी भाऊ. बशी उबेत ठेवली की चार-सहा दिवसांत जेलीवर ठिपके उगवतात. ओले, चकचकीत ठिपके आमच्या कामाचे नव्हते. आम्हाला हवे ते कोरडे, खडूची भुकटी सांडल्यासारखे दिसणारे, जेलीला घट्ट चिकटून बसणारे. त्यांना नुकत्याच नांगरलेल्या शेताचा वास येतो. शास्त्रात त्यांचं नाव लांबलचक आहे, आम्ही त्यांना खडूवाले म्हणायचो.

मग परीक्षा. नव्या बशीत मधोमध एका खडूवाल्याची रेघ ओढायची. ती वाढली की तिला काटकोनात रोगजंतूंच्या रेघा ओढायच्या, पू करणाऱ्यांची, टायफॉइडच्या जंतूंची. दुसऱ्या दिवशी बघायचं. जंतूंची रेघ खडूवाल्याला जाऊन भिडली, तर तो बिनकामाचा. लांबच थबकली आणि मधे स्वच्छ जागा राहिली, तर खडूवाला काहीतरी सोडतोय आणि त्यानं जंतू मरताहेत. बहुतेकांच्या रेघा भिडायच्या. ज्यांच्या थबकायच्या त्यांचं औषध जगात आधीच कुणीतरी शोधून ठेवलेलं निघायचं. आणि जे खरोखर नवं असायचं ते उंदराला टोचलं की जंतूंच्या आधी उंदीरच मरायचा. अशी आमची प्रगती चालली होती.

माती मिळवायला शेठनी एक नियम काढला होता. रजेवर जाणाऱ्यानं येताना माती आणायची. रजा मंजूर झाली की हातात उकळून घेतलेली बाटली, चमचा आणि एक चिठ्ठी पडायची. चिठ्ठीवर गाव, शेत आणि किती खोल खणलं ते लिहायचं. या नियमानं आम्हाला काय काय दिवस दाखवले! बामच्या खात्यातले एक गृहस्थ कोकणात जाऊन बारा गावांच्या बारा बाटल्या घेऊन आले. डॉक्टर खूश झाले. बाराही बशांवर तंतोतंत एकच पीक उगवलं. सोपाननं एक बाटली उघडून हुंगली आणि मला म्हणाला, "ताई, ही माती आपल्याच भिंतीमागची हाय. बामचा वास मारतोय." हेडक्लार्कच्या बायकोनं तुळशीवृंदावनातली माती पाठवली आणि आठवड्यानं निरोप आला की माती परत करा, घरात कटकटी सुरू झाल्या आहेत. तोवर आम्ही ती उकळून फेकून दिली होती. डॉक्टरांनी शांतपणे दुसरीच कुठलीतरी चाळून पुडीत बांधून दिली. कटकटी थांबल्या म्हणे.

डॉक्टर असे. देवधर्माचं नाव काढलं की हसायचे. कुणी अंगारा लावून आलं तर म्हणायचे, "कपाळ पुसून मग आत या, राखेतही जंतू असतात." मला ते फार आवडायचं. घरी सोवळंओवळं बघत वाढलेली मी, असा माणूस पहिल्यांदा बघत होते.

आणि सोपान. बशा धुता धुता त्या वाचायला तो केव्हा शिकला, मला कळलंच नाही. एकदा मी पन्नास बशा बघून नापास केल्या आणि धुवायला दिल्या. त्यातली एक तो परत घेऊन आला. "ह्यातला ह्यो राखाडी टिपका येगळा हाय, ताई. कडा बघा." मी पाहिलं. खरंच वेगळा होता. इंटर सायन्स झालेली मी, आणि चौथी शिकलेला माणूस मला माझी चूक दाखवत होता! लाजले, थोडी चिडलेसुद्धा. डॉक्टर मात्र त्या दिवसापासून त्याला प्रत्येक बशी दाखवू लागले.

एकशेसोळा नंबरची माती सोपानच्याच घरची, गोठ्यामागच्या उकिरड्याजवळची. तिच्यातून एक करडा खडूवाला निघाला. रेघा ओढल्या. दुसऱ्या दिवशी बशी उघडली आणि मी ओरडलेच. पू करणाऱ्या जंतूंची रेघ दोन बोटं अलीकडेच थबकली होती. त्यात पुण्याच्या एका हॉस्पिटलातून आणलेला असा एक जंतू होता जो पेनिसिलिनलाही दाद देत नव्हता. तोही थबकला होता. ते औषध ओळखीचं निघालं नाही. उंदरांना टोचलं. सकाळी पिंजऱ्यात पाहिलं तर उंदीर मजेत दाणे खात होते. डॉक्टर खुर्चीत बसले ते कितीतरी वेळ उठलेच नाहीत. सोपान म्हणाला, "आमच्या उकिरड्यात येवढं निघलं व्हय!"

पण खडूवाल्यांची एक खोड असते. एका नळीतून दुसऱ्या नळीत लावत गेलं की काहींची ताकद हळूहळू जाते. दिसतो तोच, वाढतो तसाच, पण औषध करणं सोडतो. एकशेसोळाच्या लेकी-नाती अशाच निकम्म्या निघाल्या. शेवटी ताकदीची एकच नळी उरली, सगळ्यात पहिली. तिला आम्ही आईनळी म्हणायचो. कपाटात एका स्टँडवर ती एकटीच उभी असायची, तोंडाला कापसाचं बूच. कोरड्या कापसातून हवा आत जाते, जंतू जात नाहीत. ओला कापूस मात्र उघड्या दारासारखा. कपाटाला कुलूप नव्हतं, कधी गरजच वाटली नव्हती.

दसऱ्यानंतर मुंबईचे एक मोठे तज्ज्ञ येणार होते. आईनळीतून ताज्या बशा लावून त्यांना दाखवायच्या. त्यांनी मान डोलावली तर लॅब चालू राहणार आणि सोपान धुण्याच्या मोरीतून उठून कायमचा लॅब असिस्टंट होणार, हे डॉक्टरांनी शेठकडून कबूल करून घेतलं होतं. पिंपरी कँपातल्या शिंप्याकडे सोपानच्या मापाचा पांढरा कोटही शिवायला टाकला होता. सोपान रोज मला विचारायचा, "ताई, कोटाला खिसं किती असत्यात?"

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा व्हायची. बामचं घोटायचं यंत्र, बॉयलर, बाटल्या भरायचं यंत्र, सगळ्यांना झेंडूच्या माळा. आमच्या लॅबची पूजा सोपानकडे. डॉक्टरांचा हुकूम एवढाच की बाहेरच्या टेबलावरच्या वस्तूंना काय लावायचं ते लावा, नळ्यांना हात लावायचा नाही. सोपाननं सूक्ष्मदर्शकाला, तराजूला हळदकुंकू लावलं, ओल्या कुंकवातल्या अक्षता वाहिल्या. मग ताट घेऊन कपाटापाशी गेला, बंद दारालाच नमस्कार केला आणि बाजूला झाला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग सगळे पेढे घ्यायला पुढच्या अंगणात गेलो.

दसऱ्याची सुट्टी झाली. ऑक्टोबरचा उकाडा असा की पत्र्याखाली उभं राहवेना. तिसऱ्या दिवशी सकाळी मी कपाट उघडलं. आईनळीच्या बुचावर कुंकू होतं. कापूस गुलाबी झाला होता आणि त्यात तांदळाचे दोन दाणे रुतले होते. काचेतून दिसत होतं, करड्या भुकटीवर ओशट, दुधट साय पसरली होती. तांदळावरचे जंतू ओल्या कापसातून आत उतरले होते आणि त्यांनी दोन दिवसांत सगळं खाऊन टाकलं होतं.

मी किंचाळले. डॉक्टर धावत आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी नळी उजेडाला धरून पाहिली. मला त्यांची इतकी दया आली की मला रडू फुटलं.

शेठ आले. पूजा कुणी केली, हा पहिला प्रश्न. "सोपाननं." सोपान मोरीपाशी उभा होता. "म्या नळीला हात न्हाई लावला, शेठ," एवढंच म्हणाला. कुणाला पटणार? शेठनी मला कागद दिला आणि म्हणाले, "पूजेच्या वेळी हा कपाटापाशी होता की नव्हता, तेवढं लिहा." मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. मी लिहिलं, 'होय, पूजेचं ताट घेऊन सोपान कपाटापाशी होता.' कपाटाचं दार बंद होतं, हे लिहिलं नाही. ते कुणी विचारलं नव्हतं. मनात तर मला खात्रीच होती की नंतर त्यानं दार उघडलं असणार, भाबडा माणूस, आपल्या उकिरड्याच्या दौलतीला कुंकू लावायचा मोह झाला असणार. डॉक्टरांनी माझ्या सहीखाली सही केली. सोपानला बॉयलरवर कोळसा ओढायला पाठवलं. तो पांढरा कोट शिंप्याकडेच राहिला.

तज्ज्ञ आले आणि चहा पिऊन गेले. पुढे वर्षभर आम्ही त्या सायीखालून एकशेसोळा सोडवायची धडपड केली. सुटला, पण दुबळा. रेघा त्याला बिनदिक्कत भिडायच्या. मग मूळ मातीकडे वळलो. ती माती कोण देणार? बॉयलरवरून सोपानच द्यायचा. दर सोमवारी गोठ्यामागून निरनिराळ्या जागची माती स्वच्छ डब्यांत भरून, वर चिठ्ठ्या लावून तो पहारेकऱ्याकडे ठेवायचा. लॅबच्या पायरीवर मात्र तो पुन्हा चढला नाही. तो करडा खडूवाला आम्हाला परत कधीच सापडला नाही.

शेवटी शेठनी लॅब बंद केली. शेवटच्या दिवशी मी आणि डॉक्टर उरलेल्या नळ्या वाफेच्या मोठ्या भांड्यात भरत होतो, जंतू मारून टाकायला. मधेच डॉक्टर थांबले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मिस सोमण, त्या नळीला कुंकू मी लावलं होतं."

मला वाटलं, थट्टा करताहेत.

"तुम्ही सगळे पेढे घ्यायला गेलात. ताट तिथंच होतं. माझी तीन वर्षं त्या एका नळीत होती. म्हटलं, एकदाच. वरच्या वर बोट टेकवायचं. कुंकू ओलं आहे, अक्षता ओल्या आहेत, हे डोळ्यांना दिसत होतं हो. दिसूनही..."

"आणि सोपान?" मी विचारलं.

"मी रोज सांगणार होतो," ते म्हणाले. "कुंकू लावणारा जंतुशास्त्रज्ञ! लोक काय म्हणाले असते?"

हा माणूस, जो दुसऱ्याच्या कपाळावरची राख पुसायला लावायचा! कुंकू लावलं याचा मला राग नव्हता. खरं सांगते, त्याबद्दल मला त्यांची माया वाटली असती. पण वर्षभर हा माणूस खिडकीतून बॉयलरकडे बघत होता, सोपाननं पाठवलेले डबे दर सोमवारी आपल्या हातांनी उघडत होता, आणि गप्प होता. हातातली नळी तशीच टाकून मी बाहेर पळाले.

सोपान बॉयलरपाशी कोळसा ओढत होता. मी धापा टाकत म्हटलं, "सोपानराव, ऐकलंत का? कुंकू डॉक्टरांनी लावलं होतं! स्वतः!"

त्याचं फावडं थांबलं नाही. "ठावं हाय मला."

"ठाऊक आहे? कधीपासून?"

"त्याच दिशी. ताट ऱ्हायलं व्हतं आत, ते न्यायला परत आल्तो. दारातनंच बघितलं. डाक्टर कपाटाम्होरं हुबं. डोळं मिटल्यालं, हात जोडल्यालं. तसाच मागं फिरलो."

"आणि शेठसमोर बोलला नाहीत? कोट गेला, लॅब सुटली, तरी?"

आता त्यानं फावडं टेकवलं. "ताई, मानूस हात जोडून हुबा ऱ्हातो तवा ते त्येचं आन देवाचं असतंय. ते बघितल्यालं चारचौघांत सांगायचं व्हय? आन मला वाटलं, त्येंचं त्ये सांगतील. आज सांगतील, उद्या सांगतील." घाम पुसत तो थोडासा हसला. "डाक्टर हाईत, म्हनलं. सांगतील."

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता शेठकडे जाते, माझा तो कागद फाडायला लावते, सगळं सांगते. खरंच निघालेही होते. पण सोपाननं मला थांबवलं.

"कशाला, ताई? लॅब कुटं ऱ्हायली आता? आन तुमी काय वाईट वाटून घिऊ नका. तुमचा कागद काय खोटा न्हवता. मी व्हतोच की कपाटापाशी."

तो टोमणा मारत असता तर मी सहन केलं असतं. मी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं, टोमणा नव्हता. एका ओळीच्या ज्या कागदानं त्याला लॅबमधून उठवलं होतं, त्या कागदाबद्दल तो माझी समजूत घालत होता. मी तिथंच कोळशाच्या ढिगावर मटकन बसले. सोपान घाबरून पाणी आणायला धावला.